नवं ॲप हातात आलं की आधी काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा: "मी शाळेतून निवृत्त झाले, घोडबंदर रोडला मोठ्या सोसायटीत राहते. इतकी वर्षं व्हॉट्सॲपवर भागत होतं. आता कमिटीने जुना ग्रुप बंद करून 'कम्युनिटी' केली, गेटसाठी वेगळं ॲप आणलं, आमचं वाचन मंडळ टेलिग्रामवर गेलं, नातवाची शिकवणी टीम्सवर आणि त्याचे मित्र डिस्कॉर्डवर. दर वेळी कोणीतरी माझ्या हातातून फोन घेतं, चार ठिकाणी टकटक करतं आणि 'झालं बघा आजी' म्हणतं. काय झालं ते मला कळत नाही. एकेक ॲप वेगळं शिकायचं, की या सगळ्याला मिळून काही सूत्र आहे?"

ताई, सूत्र आहे. ठाण्यात आणि पलीकडे ऐरोली-वाशीला ज्येष्ठ नागरिक संघांत आणि सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये मी बरीच वर्षं हे वर्ग घेते. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: बटणं पाठ करून कोणी ॲप शिकत नाही. आज जे बटण खाली उजवीकडे आहे ते पुढच्या अपडेटला वर जातं आणि वहीत लिहून ठेवलेल्या पायऱ्या फुकट जातात. ॲपच बंद पडली तर सगळंच गेलं. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं, हाइक जानेवारी २०२१ मध्ये, आणि परदेशातल्या मुलांशी बोलायला ज्या स्काइपवर ठाण्यातली कितीतरी घरं अवलंबून होती, ते मे २०२५ मध्ये बंद झालं. ज्यांनी स्काइपची फक्त बटणं शिकली होती ते अडकले. समोरचा ऑनलाइन आहे का हे आधी बघायचं, कॅमेरा आणि माइक वेगवेगळे चालू-बंद होतात, हे ज्यांना कळलं होतं, त्यांना मीट किंवा झूम नवं वाटलंच नाही.

म्हणून कुठलंही ॲप आलं की मी पाच गोष्टी बघायला सांगते. माझं बोलणं कोणाकोणापर्यंत जातं? त्यांना मी कोण म्हणून दिसते? बोललेलं किती काळ राहतं? उत्तर लगेच हवं असतं की सवडीने चालतं? आणि किल्ली कोणाच्या हातात आहे? या पाचांची उत्तरं मिळाली की बटणं आपोआप सापडतात. त्यातही पहिला प्रश्न सगळ्यांत मोठा. एकाच प्रश्नापुरता वेळ असेल तर तो घ्या, कारण वर्गात माणसं जेवढ्या वेळा रडवेली होऊन येतात, त्यात बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी भलतं बोललं गेलेलं असतं.

तुमच्या कम्युनिटीचंच उदाहरण घेऊ. कमिटीने केलेला बदल मोठा आहे आणि तो कोणी समजावून सांगितलेला नाही. एकाच हिरव्या ॲपमध्ये आता तीन वेगळ्या जागा आहेत.

पहिली जागा ग्रुप. इथे सगळे बोलतात, सगळे ऐकतात आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. एका ग्रुपमध्ये आता १०२४ माणसं मावतात, त्यामुळे 'आपला ग्रुप' म्हटला तरी त्यात आपण कधी न पाहिलेली दीडशे माणसं असू शकतात. दुसरी जागा कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एका छत्राखाली आणलेले. ए विंग, बी विंग, गणेशोत्सव, पार्किंग असे वेगळे ग्रुप आणि सगळ्यांच्या वर घोषणांचा एक ग्रुप. या घोषणांमध्ये नवा निरोप फक्त ॲडमिन टाकू शकतात. कम्युनिटीत असलात तरी ज्या ग्रुपमध्ये तुम्ही नाही, तिथल्या माणसांना तुमचा नंबर तेवढ्यामुळे दिसत नाही. ॲडमिनना मात्र दिसतो. पार्किंगच्या ग्रुपमध्ये शिरलात की तिथल्या सगळ्यांना दिसायला लागतो. तिसरी जागा चॅनेल. भारतात हे सप्टेंबर २०२३ मध्ये आलं. वर्तमानपत्रं, सरकारी खाती, नटनट्या यांची चॅनेल असतात. तिथे चालवणारा बोलतो, बाकीचे नुसते वाचतात, फार तर अंगठा किंवा बदाम उमटवतात. एका वाचकाला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही.

वर्गात हे सांगताना मी गडकरी रंगायतनचा दाखला देते. चॅनेलमध्ये तुम्ही अंधारात खुर्चीवर बसलेले प्रेक्षक असता. ग्रुपमध्ये शिरलात की सगळेच रंगमंचावर, दिव्यांखाली. ठाणेकरांना एवढं पुरतं.

आता याचा रोजच्या वापरात उपयोग काय? समजा पाणी येणार नाही असा निरोप घोषणांत आला आणि तुम्हाला विचारायचंय, 'टँकर कधी येणार?' हा प्रश्न तुमच्या विंगच्या ग्रुपमध्ये विचारायचा. आणि समजा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी ग्रुपमध्ये काही लिहिलं, तुम्हाला फक्त त्यांनाच काही सांगायचंय, तर त्यांच्या निरोपावर बोट दाबून धरा. वर किंवा तीन टिंबांच्या आत 'रिप्लाय प्रायव्हेटली' असं येतं. ते दाबलं की ग्रुप सोडून तुम्ही त्यांच्या एकटीच्या खिडकीत जाता आणि त्यांचा मूळ निरोपही सोबत दिसतो. मी शिकवते त्या सगळ्यांत ही एक सोय लोकांना सर्वांत जास्त आवडते, आणि ती अनेकांना माहीतच नसते.

एक सवय मात्र लावूनच घ्या. टाइप करण्याआधी पडद्याची वरची पट्टी वाचायची. तिथे एका माणसाचं नाव आहे, की ग्रुपचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत चार-पाच नावं? आपली नजर सवयीने खाली जिथे लिहितो तिथे जाते, आणि चूक वरच्या पट्टीत लिहिलेली असते. झूमवर सभा असते तेव्हाही हेच. चॅटमध्ये लिहायच्या चौकटीजवळ 'एव्हरीवन' असं असतं, म्हणजे सगळ्यांना. सेक्रेटरींना एकट्याला लिहायचं असेल तर तिथे त्यांचं नाव निवडावं लागतं. सर्वसाधारण सभेत ऐनवेळी कोणाच्या तरी थकबाकीबद्दल दोघांतलं बोलणं सगळ्या सभासदांसमोर येऊन पडतं ते याच ओळीमुळे.

ब्रॉडकास्ट लिस्ट आणि स्टेटस यांचा उल्लेख करून पुढे जाते. दिवाळीच्या शुभेच्छा एकदम पन्नास जणांना पाठवायच्या असतील तर ब्रॉडकास्ट लिस्ट वापरावी. प्रत्येकाला तो निरोप एकट्याला आल्यासारखा दिसतो, उत्तरही फक्त तुम्हालाच येतं. अट एवढीच, की त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला हवा. स्टेटस २४ तासांनी जातं, आणि ते कोणी पाहिलं याची यादी तुम्हाला दिसते. बाहेरगावी निघालात की स्टेटसवर स्टेशनचा फोटो टाकू नका, परत आल्यावर टाका.

दुसरा प्रश्न: मी कोण म्हणून दिसते? व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर हीच तुमची ओळख. टेलिग्रामवर नंबर लागतो तो खातं उघडायला. ग्रुपमध्ये मात्र नावाने वावरता येतं. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत 'फोन नंबर' अशी ओळ आहे, तिथे नंबर कोणालाच दिसू नये असं करून ठेवता येतं. तुमच्या वाचन मंडळात अनोळखी वाचक असतील तर हे पहिल्याच दिवशी करा. डिस्कॉर्डवर तर सगळे टोपणनावानेच. तिथे 'ब्लूटायगर' नावाचा मुलगा नातवाच्या वर्गातला आहे की तीस वर्षांचा बाप्या आहे, हे नाव बघून कळणार नाही. ते नातवालाच विचारावं लागेल, आणि दटावून विचारलं तर तो सांगणार नाही.

आणखी एक. टेलिग्राम उघडलं की ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर आहे त्यांना 'अमुक टेलिग्रामवर आले' असा निरोप जातो. त्यामुळे विसरलेल्या ओळखीच्यांचे नमस्कार यायला लागले तर घाबरू नका. पण त्याच आठवड्यात अनोळखी ग्रुपांत ओढलं जाण्याचाही अनुभव पुष्कळांना येतो, विशेषतः शेअरच्या टिपा आणि घरबसल्या कमाईवाले ग्रुप. दोन्ही ॲपमध्ये प्रायव्हसीत 'ग्रुप्स' किंवा तशाच अर्थाची, तुम्हाला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं हे ठरवायची ओळ आहे. तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. मग व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसाला तुम्हाला परस्पर ग्रुपमध्ये घालता येत नाही, त्याला आमंत्रण पाठवावं लागतं आणि ते तुम्ही स्वीकारलं नाही तर तीन दिवसांत बाद होतं. टेलिग्रामवरही अनोळखी माणसाचं ओढणं यामुळे थांबतं.

तिसरा प्रश्न, बोललेलं किती काळ राहतं. इथे दोन ॲपमधला फरक फार मोठा आहे आणि वरून दोन्ही सारखी दिसतात. व्हॉट्सॲपवर निरोप दाबून धरला आणि डिलीट केला की दोन पर्याय येतात, 'डिलीट फॉर मी' आणि 'डिलीट फॉर एव्हरीवन'. पहिल्यात तो फक्त तुमच्या फोनमधून जातो. बाकी सगळ्यांकडे तसाच राहतो, आणि वाईट म्हणजे आता तो तुम्हाला दिसत नसल्यामुळे तुम्ही तो सगळ्यांकडून काढूही शकत नाही. घाईत नेमकं हेच दाबलं जातं. दाबलं गेलंच तर पडद्याखाली काही सेकंद 'अनडू' येतं, ते पकडा. सगळ्यांकडून काढायची मुदत सुमारे अडीच दिवसांची आहे, आणि काढल्यावरही 'हा निरोप काढून टाकला' अशी खूण उरते. शब्द चुकला असेल तर पंधरा मिनिटांत निरोप दुरुस्त करता येतो, त्यासाठी काढायची गरज नाही.

टेलिग्रामवर दोघांच्या गप्पांमध्ये कुठलाही निरोप, केव्हाही, दोन्ही बाजूंनी काढता येतो आणि खूण राहत नाही. समोरच्याने लिहिलेला निरोपसुद्धा तुम्ही काढू शकता, आणि तोही तुमचा. म्हणून पैशांचा, व्यवहाराचा, 'इतके दिले, इतके राहिले' असा काही मजकूर टेलिग्रामवर असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. दुसरं, टेलिग्रामच्या साध्या गप्पा कंपनीच्या सर्व्हरवर साठतात, म्हणून नवा फोन घेतला तरी सगळं जसंच्या तसं येतं. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ पासून सगळ्या गप्पा आणि ग्रुप असे कुलूपबंद केले आहेत, की पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कंपनीलाही वाचता येत नाही. टेलिग्रामवर तसं कुलूप हवं असेल तर 'सीक्रेट चॅट' मुद्दाम सुरू करावी लागते आणि ती दोघांपुरतीच असते. ग्रुपसाठी ती सोय नाही. वाचन मंडळाच्या चर्चेला याने काही बिघडत नाही. कादंबरीवर काय बोललात ते साठलेलं बरंच आहे, नव्या सभासदाला मागचं वाचता येतं, आणि ॲडमिनने मुभा दिली असेल तर अगदी पहिल्या दिवसापासूनचं. मंडळ टेलिग्रामवर नेणाऱ्याने विचार करून नेलंय, असं मला वाटतं. पण आजारपणाचे रिपोर्ट, आधारचा फोटो, बँकेचं काही तिथे टाकू नका.

चौथा प्रश्न उत्तराच्या वेळेचा. याकडे कोणी लक्ष देत नाही आणि मनस्ताप मात्र याचाच होतो. फोनची घंटा वाजली की उचलायची, अशी आपल्या पिढीची शिस्त आहे. ती शिस्त आपण प्रत्येक टिंगला लावतो आणि दिवसभर फोनच्या ताब्यात जातो. वास्तविक ग्रुपमधला निरोप, टीम्सवरची सूचना, टेलिग्रामवरची चर्चा यांना उत्तराची घाई नसते. लगेच उत्तर फक्त दोन ठिकाणी लागतं: चालू असलेल्या कॉलमध्ये आणि गेटवर माणूस उभा असताना. बाकीचे आवाज बंद करा. ग्रुपच्या नावावर जाऊन 'म्यूट', मग 'ऑलवेज'. ग्रुप जात नाही, निरोपही जात नाहीत, नुसता आवाज थांबतो. समोरच्याला ते कळतही नाही.

निळ्या खुणांचंही असंच. एक खूण म्हणजे निरोप निघाला, दोन म्हणजे त्याच्या फोनवर पोचला, निळ्या झाल्या म्हणजे वाचला. ग्रुपमध्ये सगळ्यांनी वाचल्याशिवाय त्या निळ्या होत नाहीत. मुलाने वाचून उत्तर दिलं नाही म्हणून रात्रभर जागलेल्या आया मी पाहिल्या आहेत. त्याने मीटिंगमध्ये बसल्या बसल्या पाहिलं असेल, एवढंच. त्रास होत असेल तर या खुणा प्रायव्हसीमध्ये बंद करता येतात. मग तुम्हालाही दुसऱ्याच्या दिसत नाहीत. ग्रुपमध्ये मात्र त्या सुरूच राहतात.

पण जो कोणी अनोळखी ॲपवर येऊन 'आत्ताच्या आत्ता' म्हणतो, तो चोर आहे असं धरून चाला. पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल येतो, तुमच्या नावाने पार्सल सापडलंय म्हणतात, कॉल बंद करायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही. आपल्या कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकारच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे लोकांना सांगितलं होतं. दुसरी चाल अशी, की मदत करतो म्हणून कॉल चालू असतानाच 'स्क्रीन शेअर' दाबायला लावतात. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्येही ही सोय आहे. ते दाबलं की तुमच्या पडद्यावर जे जे दिसतं ते सगळं त्याला दिसतं, आलेला ओटीपीसुद्धा. तिसरी, लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून एपीके फाइल येते. पत्रिका फोटोत किंवा पीडीएफमध्ये येते, एपीकेत येत नाही; ती फाइल म्हणजे फोनमध्ये शिरणारं ॲप असतं. नवं ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरूनच, आणि तेही कमिटीने लेखी कळवलेल्या नावाचं. पैसे गेलेच तर लाजत बसू नका. १९३० ला ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. लाजेपायी दोन दिवस गप्प राहिलेल्या माणसांचं फार नुकसान होतं आणि ते बघवत नाही.

पाचवा प्रश्न किल्लीचा. ग्रुपची किल्ली ॲडमिनकडे असते: माणूस घालणं, काढणं, दुसऱ्याचा निरोप काढून टाकणं. सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन एकच असेल आणि तो उद्या घर विकून गेला तर ग्रुप अनाथ होतो, म्हणून निदान दोघे-तिघे हवेत. तुमच्या स्वतःच्या खात्याची किल्ली म्हणजे एसएमएसने येणारा सहा आकडी कोड, आणि त्यावर दुसरं कुलूप म्हणून तुम्ही ठरवलेला पिन. सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. आजच लावा आणि पिन घरच्या डायरीत लिहून ठेवा. शिवाय महिन्यातून एकदा 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून बघा. तुमचं व्हॉट्सॲप आणखी कुठल्या संगणकावर उघडं आहे त्याची यादी तिथे असते, चारांपर्यंत असू शकतात. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला म्हणून उघडलेलं खातं तिथेच उघडं राहिलेलं असतं. ओळखीचं नसेल ते नाव दाबा आणि 'लॉग आउट' करा.

आता गेटचं ॲप. मायगेट, नोब्रोकरहुड अशी यातली नावं तुम्ही ऐकली असतील, काम साधारण सारखंच. पाहुणा गेटवर आला की वॉचमन त्याचं नाव आणि फ्लॅट नंबर टाकतो, तुमच्या फोनवर घंटा वाजते, परवानगी द्यायची किंवा नाकारायची. येणारं माणूस आधीच माहीत असेल तर सकाळीच परवानगी देऊन ठेवता येते. मग त्याला एक पासकोड जातो, तो त्याने गेटवर सांगायचा. तुम्ही दुपारी झोपता, तेव्हा बहीण येणार असेल तर हे नक्की करा. आधी परवानगी दिलेली नसेल तर पाहुणा यायच्या वेळी फोन म्यूटवर नको, एवढं बघा. घंटा चुकली तर वॉचमन इंटरकॉमवर विचारतो, ती सोय कमिटीला चालू ठेवायला सांगा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्या घरांसाठी ती लागतेच.

या ॲपमध्ये तक्रार नोंदवायचीही जागा असते, आणि माझ्या मते ॲपचा खरा उपयोग तोच आहे. पाचव्या मजल्यावरच्या पॅसेजमधला दिवा गेला, हे ग्रुपवर लिहिलं तर दहा मिनिटांत त्याच्यावर सुप्रभात, वाढदिवसाचे केक आणि 'आमच्याकडेही गेलाय' असे वीस निरोप येऊन पडतात. ॲपमध्ये तक्रार टाकली की तिला क्रमांक मिळतो, ती उघडी आहे की बंद झाली हे दिसतं, आणि पुढच्या सभेत कमिटीला तो क्रमांक दाखवता येतो. दिव्याचा फोटो जोडा, मजला आणि विंग लिहा, एका तक्रारीत एकच गोष्ट लिहा. दिवा, गळती आणि लिफ्ट एकत्र लिहिलं की दिवा लागल्यावर तक्रार बंद होते आणि गळती तशीच राहते.

आणि एक गोष्ट मी मनापासून सांगते, कारण तिच्याकडे कमिटीचं लक्ष जात नाही. तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींची हजेरीही याच ॲपमध्ये पडते. त्या किती वाजता आत आल्या, किती वाजता गेल्या, ते तुम्हाला दिसतं. काही ॲपमध्ये त्या कुठल्या घरांत काम करतात हेही दिसतं आणि त्यांना तारे देता येतात. माझा पहिला प्रश्न, कोणाबद्दलचं बोलणं कोणापर्यंत जातं, तो मावशींनाही लागू आहे. त्यांच्याबद्दल तिथे लिहिलं जातं, आणि त्यांना ते वाचता येत नाही, उत्तर देता येत नाही. एक दिवस उशीर झाला म्हणून दोन तारे दिले तर दुसऱ्या विंगमधलं त्यांचं काम जाऊ शकतं. तेव्हा काही सांगायचं असेल तर त्यांना तोंडावर सांगा, ॲपमध्ये नको. आणि हजेरीची नोंद त्यांनी मागितली तर दाखवा. पगाराच्या वेळी 'तुझे चार खाडे झाले' असं म्हटलं गेलं तर तीच नोंद त्यांच्या बाजूने उभी राहते.

नातवाच्या टीम्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथे वर्गाची एक 'टीम' असते, तिच्यात विषयांची 'चॅनेल' असतात. व्हॉट्सॲपच्या चॅनेलशी याचा संबंध नाही. इथे सगळे बोलू शकतात. बाईंच्या सूचनेवर विचारायचं असेल तर त्या सूचनेखालच्या 'रिप्लाय'मध्ये विचारायचं, नवी सूचना सुरू करायची नाही, नाहीतर प्रश्न एकीकडे आणि उत्तर दुसरीकडे जातं. आठ दिवसांपूर्वीचा गृहपाठ शोधायला वर भिंग आहे, त्यात 'गृहपाठ' किंवा 'होमवर्क' लिहून बघा.

डिस्कॉर्ड मुळात खेळणाऱ्या मुलांसाठी २०१५ मध्ये सुरू झालं. तिथे 'सर्व्हर' म्हणजे एका टोळक्याची जागा, आणि तिच्यात लिहायच्या आणि बोलायच्या वेगळ्या खोल्या. बोलायच्या खोलीत घंटा वाजत नाही. कोणीही येऊन बसतं, आवाज चालू असतो, उठून जातं. म्हणून नातू 'फोनवर नाही' म्हणतो आणि तरी बोलत असतो; तो खोटं बोलत नाही. कंपनीच्या नियमाप्रमाणे खात्यासाठी वय निदान १३ हवं. तो त्याहून लहान असेल तर हे त्याच्या आईवडिलांशी बोला. मोठा असेल तर त्याच्याकडे बसून एवढंच विचारा: या सर्व्हरमध्ये कोणकोण आहे, त्यातल्या कोणाकोणाला तू प्रत्यक्ष भेटला आहेस, आणि अनोळखी माणूस तुला थेट निरोप पाठवू शकतो का? शेवटचं सेटिंग्जमधून बंद करता येतं आणि तो ते तुमच्यासमोर करून दाखवू शकेल. मुलांना शिकवायला सांगितलं की ती फार छान शिकवतात.

आता शिकायचं कसं. हातातून फोन घेणाऱ्याला प्रेमाने सांगा, 'फोन माझ्या हातात राहू दे, तू बोटाने दाखव.' घाईत असेल तर उद्या ये म्हणा. दुसऱ्याने दाबलेलं बटण आपल्या लक्षात राहत नाही, स्वतःच्या बोटाने दाबलेलं राहतं. आणि एखादी मैत्रीण गाठा. दोघींचे फोन शेजारी शेजारी ठेवा, 'सराव' नावाचा ग्रुप काढा, त्यात फक्त तुम्ही दोघी. एकीने लिहायचं, दुसरीच्या फोनवर काय दिसतं ते बघायचं. एकीने 'डिलीट फॉर मी' करायचं, मग दुसरीच्या फोनकडे बघायचं: निरोप तिथे तसाच. मग 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायचं, आता दोन्हीकडे खूण. तुमचा फोटो आणि नाव मैत्रिणीच्या फोनवर कसं दिसतं ते बघा, आणि मैत्रिणीने तुमचा नंबर पुसून टाकल्यावर कसं दिसतं तेही बघा. तासाभराच्या माझ्या व्याख्यानाने जे होत नाही ते या दोन फोनांनी होतं. वाचन मंडळात ज्यांना जमत नाही त्यांनाही जोडीने बसवा. तलावपाळीच्या कट्ट्यावर बसूनसुद्धा हे होतं.

नव्या ग्रुपमध्ये गेलात की पहिले दोन-तीन दिवस नुसतं वाचा. कोण बोलतं, किती वाजता बोलतं, लांब लिहिलेलं चालतं का, व्हॉइस नोट पाठवतात का, हे दिसतं. व्हॉइस नोट पाठवायची झाली तर पहिल्या वाक्यात विषय सांगा. तीन मिनिटं ऐकल्यावर समजलं की निरोप फक्त 'उद्या येणार नाही' एवढाच होता, की ऐकणारा पुढच्या वेळी ऐकत नाही. टाइप करणं जड जात असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, अक्षरं उमटतात. जोडाक्षरं अधूनमधून चुकतात, तेवढी तपासून पाठवा.

ॲप पहिल्यांदा उघडताना ते परवानग्या मागतं: फोनवही, माइक, कॅमेरा, ठिकाण. सगळ्याला 'अलाऊ' करायची सवय मोडा. गेटच्या ॲपला घंटा वाजवायची परवानगी द्यावीच लागते. तुमची फोनवही त्याला कशाला हवी, हे कमिटीला विचारा. फोनवहीत तुमच्याबरोबर तुमच्या सगळ्या ओळखीच्यांचे नंबर असतात आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं. नकार दिला आणि एखादी गोष्ट अडली तर ॲप पुन्हा विचारतं किंवा सेटिंग्जमध्ये जायला सांगतं, तेव्हा देता येतं.

आणि एखादं ॲप नकोच असेल तर नुसतं फोनमधून काढू नका. काढलं तरी तुमचं खातं तिकडे चालूच असतं, ग्रुपमध्ये तुमचं नाव दिसत राहतं आणि लोक निरोप पाठवत राहतात. 'बाईंना सांगितलं होतं, त्यांनी उत्तरच दिलं नाही' असा गैरसमज यातूनच होतो. आधी ग्रुपमध्ये एका ओळीत कळवा की मी इथे नसणार, अमुक ठिकाणी सापडेन. मग ग्रुप सोडा, मग सेटिंग्जमधल्या अकाउंटमध्ये जाऊन 'डिलीट अकाउंट' करा, आणि त्यानंतर ॲप काढा. गेटच्या ॲपचं खातं कमिटीच्या यादीला जोडलेलं असतं, त्यामुळे ते बंद करायचं असेल तर सोसायटीच्या ऑफिसमध्ये लेखी द्या आणि पोच घ्या.